बारा कोटींचा पाहुणा

ठोकेकाका बारा कोटींचा माणूस हायवेवरच्या चहाच्या टपरीवर विसरून आले, आणि वर स्वतःच्या चहाचे पैसेही न देता आले.

आता विसरभोळेपणा हा काही त्यांचा गुण नव्हे. संशय हा आमच्या ह्यांचा मुख्य धंदा आणि बस हा जोडधंदा, असं त्यांची बायको चारचौघांत सांगायची. बस सुरू करण्याआधी हातभर लांबीची लोखंडी सळई घेऊन काका एकेक टायर ठोकून बघत, कारण हवा भरणाऱ्याच्या मीटरवर त्यांचा विश्वास नव्हता. कलिंगड ठोकत, नाणं ठोकत, खिळा मारण्याआधी भिंत ठोकत. सासरी पहिल्यांदा गेले तेव्हा बसायला दिलेली खुर्चीही त्यांनी आधी ठोकून पाहिली. ती खरंच मोडकी निघाली, आणि त्या दिवसापासून मेहुण्याने त्यांचं नाव ठोके ठेवलं. फुटबॉल क्लबातल्या पोरांनी त्याला काका जोडलं.

क्लबचा पहिला संघ बाहेरगावी सामन्याला जायचा तो काकांच्या बसने. बस काकांची स्वतःची, कंत्राट क्लबचं, आणि कर्ज फायनान्स कंपनीचं.

माणसं मोजायची काकांची एक पद्धत होती, आणि त्या पद्धतीनेच घात केला. संघाच्या बसमध्ये ज्याची त्याची जागा ठरलेली असते. कप्तान तिसऱ्या रांगेत खिडकीशी, मालिशवाला दाराजवळ, दोन्ही बचावपटू आडवे पाय टाकून मध्ये. जागा बदलली की सामना हरतो, अशी त्या सगळ्यांची पक्की समजूत. (जागा न बदलताही ते हरत असत, ती गोष्ट वेगळी.) त्यामुळे काका डोकी मोजत नसत. आरशात बघून रिकामी जागा शोधत, आणि ती दिसली नाही की गिअर टाकत. हंगामाच्या मध्यावर आलेल्या तिसऱ्या गोलकीपरला मात्र जागाच नव्हती. तो शेवटच्या रांगेत, बॉलच्या जाळ्यांच्या मध्ये, अंग चोरून बसायचा. त्याला घरचं असं कोणी समजत नव्हतं, म्हणून सगळे त्याला पाहुणा म्हणत. आता जी जागा मुळात त्याची नव्हतीच, ती रिकामी आहे हे आरशात दिसणार कसं?

सामना सकाळचा होता, हरून झालेला होता. टपरीवर सगळे उतरले, चहा झाला, प्रशिक्षक ‘चला चला’ करत घाईला आले, काकांनी आरशात बघितलं आणि बस काढली. क्लबच्या मैदानावर पोचून माणसं पांगली. काकांनी मागची जाळी खाली ओढली तर त्यांच्याखाली एक बॅग. बॅगेत हातमोजे. हातमोजे होते, हात नव्हते.

 कोणाला काही न सांगता काकांनी तीच लांबलचक रिकामी बस वळवली आणि तासाभराचा रस्ता परत कापला.

पाहुणा टपरीच्या बाकावर बसून उकडलेलं अंडं सोलत होता. सहा फूट तीन इंच उंचीचा, अठ्ठावीस वर्षांचा गडी, पण बसला होता असा की जणू बस यायची वेळच ही आहे.

“काका, या. मीठ-मिरपूड घेता?”

“अरे, फोन करायचास ना!”

“फोन बॅगेत, बॅग तुमच्याकडे.”

“टपरीवाल्याचा घ्यायचा.”

“घेतला ना. पण नंबर कोणाचा लावू? मला क्लबातल्या एकाचाही पाठ नाही.” त्याने अर्धं अंडं तोंडात टाकलं. “तुमच्या दोन चहांचे आणि ऑम्लेटचे पैसे मी दिलेत हं. तुम्ही तसेच गेलात, तर हा बिचारा माझ्याकडे असा बघायला लागला की मला ओलीसच ठेवलंय.”

काकांचा जीव अर्धा झाला. त्यांनी खिसा चाचपला, तर एकच मोठी नोट. सुटे ना टपरीवाल्याकडे, ना पाहुण्याकडे.

“राहू द्या हो. पुढच्या वेळी.”

“बाबा, एक कर,” काका खालच्या आवाजात म्हणाले, “हे क्लबात कोणाला कळू देऊ नकोस. तुझ्यासाठी बारा कोटी मोजलेत म्हणे त्यांनी. माझं कंत्राट जाईल.”

पाहुणा हसला, पण ते हसू डोळ्यांपर्यंत गेलं नाही. “मी कशाला सांगू? आणि कळायचं असतं तर एव्हाना कळलं नसतं का? तीन तास झाले, काका. कोणी विचारलं तरी का, की पाहुणा कुठाय?”

विचारलं नव्हतं. परतीच्या रस्त्यात काकांच्या डोक्यात तेवढंच एक घोळत राहिलं. काकांची एक सळई हरवली होती तेव्हा त्यांनी घर डोक्यावर घेतलं होतं. यांचा बारा कोटींचा ऐवज रस्त्यात पडला आणि कोणाच्या कपाळाला आठी नाही? याचा अर्थ एकच. एक तर हे सगळे वेडे आहेत, नाहीतर तो ऐवज बारा कोटींचा नाही.

त्यांनी हे घरी काढलं तेव्हा मेहुणा जेवायला आला होता. तो जुन्या गाड्या घ्यायचा आणि विकायचा, त्यामुळे खोट्या किमती या विषयावर घरात त्याचाच शब्द शेवटचा.

“दाजी, त्याच आठवड्यात तुमच्या क्लबाने आपला तो डावखुरा विकला की नाही? कोणाला विकला?”

“पाहुणा जिथून आला त्याच क्लबाला.”

“कितीला?”

“बाराच कोटींना.”

मेहुण्याने ताटावरून हात उचलला. “झालं तर मग. समजा माझ्याकडे एक खटारा आहे, पन्नास हजारांचा. तुमच्याकडे पण तसलाच एक. मी माझा तुम्हाला दहा लाखांना विकला, तुम्ही तुमचा मला दहा लाखांना. खिशातून काय गेलं?”

“काहीच नाही.”

“हातात काय आलं?”

“दुसऱ्याचा खटारा.”

“शाब्बास. आता हिशेब लिहायला बसू. विकलेल्याचा नफा आजच्या आज लिहायचा, साडेनऊ लाख. आणि घेतलेल्याचे दहा लाख? ते करार जितक्या वर्षांचा तितक्या वर्षांत वाटून लिहायचे. पाच वर्षं धरा, वर्षाला दोन. म्हणजे यंदा दोघंही साडेसात लाखांनी श्रीमंत, आणि अंगणात दोन्ही खटारे तसेच.”

“आणि पुढच्या वर्षी?” बायकोने वाढता वाढता विचारलं.

“पुढच्या वर्षी, ताई, आणखी दोन खटारे.”

“पण हा खटाटोप कशाला?” काकांना कळेना.

ते क्लबातल्या चहावाल्यापासून मालिशवाल्यापर्यंत सगळ्यांना ठाऊक होतं, पण मेहुण्याने नीट सांगितलं. लीगच्या मंडळाने नियम केला होता की कोणत्याही क्लबाने तीन वर्षांत ठरावीक रकमेपेक्षा जास्त तोटा करायचा नाही. केला तर गुण कापणार. नियम तसा चांगल्या मनाने केलेला. मालकांनी कर्ज काढून महागडे खेळाडू आणायचे, दोन वर्षं मिरवायचं आणि मग क्लबच बुडवायचा, असं पुष्कळ ठिकाणी झालं होतं. तोटा कमी करा, म्हणून नियम. तोटा कमी करणं अवघड, दाखवणं सोपं, म्हणून पाहुणा.

“म्हणजे तो पोरगा कोणाला गोल अडवायला नकोच होता,” काका म्हणाले.

“त्याचं काम करारावर सही करण्यापुरतंच होतं. ते त्याने केलं.”

त्या दिवसापासून काकांना क्लबाच्या प्रत्येक गोष्टीचा वास येऊ लागला. खेळाडूंच्या छातीवर एका गादी कंपनीचं नाव होतं. कंपनी म्हणे वर्षाला कोट्यवधी देते. काकांनी गावातली गाद्यांची सगळी दुकानं पालथी घातली. त्या नावाची गादी कोणी विकली नव्हती, झोपणं तर लांबच. दुकानदाराने उलट विचारलं, “ही तुमच्या क्लबाच्या मालकाच्या जावयाची कंपनी ना?” काकांनी सवयीने काउंटर ठोकला आणि बाहेर आले. म्हणजे मालकाचाच पैसा जावयाच्या खिशातून फिरून क्लबाचं उत्पन्न म्हणून परत येत होता.

एरवी त्यांनी हे सगळं हसण्यावारी नेलं असतं. पण क्लबाने बसचं भाडं सात महिने थकवलं होतं. आणि बस म्हणजे काय, काकांचं आख्खं आयुष्य चाकांवर बसवलेलं. वीस वर्षं दुसऱ्यांच्या गाड्या चालवून त्यांनी ती घेतली होती. क्लबाचं कंत्राट मिळालं तेव्हा खेळाडूंचे पाय लांब म्हणून साध्या खुर्च्या काढून मागे रेलणाऱ्या, हात टेकायच्या जाडजूड खुर्च्या बसवल्या, बाहेरून क्लबाचा निळा रंग मारला. सगळं स्वतःच्या खर्चाने. ‘पुढच्या बिलात बघू,’ असं ऑफिस म्हणालं होतं. ते पुढचं बिल अजून पुढेच होतं. इकडे फायनान्स कंपनीचे दोन हप्ते चुकले होते. तिसरा चुकला की बस उचलून नेऊ, असं त्यांच्या माणसाने दारात उभं राहून, चप्पलही न काढता सांगितलं होतं.

तरी काकांनी बिलं देणं सोडलं नव्हतं. महिन्याच्या महिन्याला, काट्यावर तोलल्यासारखं बिल. एक लिटर इकडे नाही, एक टोल तिकडे नाही.

टपरीच्या प्रकारानंतर त्यांनी पाहुण्याला पुढे बोलावलं. ड्रायव्हरशेजारी घडी घालायची एक छोटी सीट होती, ती त्याला दिली. त्याचे गुडघे पार डॅशबोर्डला लागायचे, पण त्याला जागा मिळाली आणि काकांना श्रोता. तासन्‌तास दोघं बोलत. पाहुण्याला घाट उतरताना इंजिनचा आवाज का बदलतो ते कळू लागलं आणि काकांना पेनल्टीच्या वेळी गोलकीपर आधीच का झेपावतो ते.

“तुला राग नाही येत?” एकदा काकांनी विचारलं. “या लोकांनी तुझी पावती केली.”

“पहिले दोन दिवस फार चढून गेलो होतो, काका. बारा कोटी! बहिणीला फोन करून सांगितलं. मग सरावाला आलो तर प्रशिक्षकाने विचारलं, तू कोण?”

काका इतके हसले की बस थोडी डावीकडे गेली. मागून कप्तान ओरडला, “काका, आम्ही पण आहोत बसमध्ये!”

“तुम्ही आहात ते दिसतंय मला,” काका म्हणाले, “जे दिसत नाही तेच मोजतोय.”

चहाचे पैसे मात्र राहूनच जात होते. कधी सुटे नसत, कधी पाहुणाच हात झटकून ‘पुढच्या वेळी’ म्हणे.

मग एका मंगळवारी हिशेबनीसांचं बोलावणं आलं.

हिशेबनीस म्हणजे क्लबाच्या ऑफिसातले चष्मेवाले गृहस्थ. सात महिने काका त्यांच्या दाराशी जात तेव्हा ते मान वर न करता ‘शुक्रवारी बघू’ म्हणत. त्या दिवशी ते उठून उभे राहिले. खुर्ची पुढे केली. चहा आला. चहाबरोबर बशीत बिस्किटं आली, तीही क्रीमची. बिस्किटं बघताच काकांनी बसल्या बसल्या खुर्चीचा हात ठोकून पाहिला.

“काका, तुमचे सगळे पैसे या शुक्रवारी. एक दमडी बाकी ठेवत नाही.”

“बरं.”

“फक्त वर्षभराची बिलं जरा पुन्हा लिहून सही करून द्या. पहिला संघ असं जिथे आहे तिथे ज्युनिअर संघ लिहा. बस्स.”

“ज्युनिअरची पोरं माझ्या बसमध्ये कधी चढलीच नाहीत, साहेब. ती आईबापांच्या स्कूटरवरून येतात.”

“ते मला माहीत नाही का? कागदावर, काका, कागदावर. लहान मुलांवरचा खर्च मंडळ तोट्यात धरत नाही, नियमच आहे तसा. चांगला नियम आहे. त्याचा लाभ घ्यायचा.”

“आणि मला कोणी विचारलं तर?”

“तुम्हाला कोण विचारणार?” हिशेबनीस हसले. मग त्यांनी चष्मा काढून पुसला आणि आवाज खाली आणला. “आणि आपण एकमेकांना सांभाळून घ्यायचं असतं. आमचा बारा कोटींचा गोलकीपर तुम्ही हायवेवर टाकून आला होतात. मी काही बोललो? पोटात ठेवलं. घ्या ना, बिस्किट घ्या.”

काकांनी बशी मागे सारली. हे यांना कसं कळलं? त्या दिवशी टपरीवर काका होते, टपरीवाला होता आणि पाहुणा होता. टपरीवाला काही यांच्या ऑफिसात यायचा नाही. मग उरलं कोण?

बाहेर पाहुणा एकटाच भिंतीवर बॉल मारून झेलत होता. काकांना बघून त्याने हात केला.

“काय काका, मिळाले पैसे?”

“तुम्हाला माहीतच असेल,” काका म्हणाले. “तुम्ही ऑफिसच्या जवळचे.”

पाहुण्याच्या हातातून बॉल सुटला. काका त्याला आजवर कधी तुम्ही म्हणाले नव्हते.

त्याच आठवड्यात गुरुवारच्या सराव सामन्याला पाहुणा बसमध्ये चढला तर पुढच्या छोट्या सीटवर काकांची हत्यारांची पेटी ठेवलेली होती. तो क्षणभर थांबला. काका समोरच्या काचेवर नसलेला डाग पुसत राहिले. पाहुणा मुकाट्याने मागे गेला आणि बॉलच्या जाळ्यांमध्ये बसला.

उतरताना मात्र तो सगळ्यांच्या शेवटी थांबला.

“काका, लॉन्ड्रीवाला सांगत होता, त्याच्याकडून ज्युनिअरच्या नावाने बिलं लिहून घेतली. तुम्हाला पण सांगितलंय का?”

“का?”

“सही करू नका. मी न वाचता सही केली, बघा माझं काय झालं ते. आणि उद्या क्लब बुडाला तर लीगच्या नियमाने आधी आमचे पगार द्यावे लागतात, मग दुसऱ्या क्लबांचे पैसे. तुम्ही, लॉन्ड्रीवाला, गवत कापणारा, सगळे शेवटी. तुमच्या वाटेला खरकटं येईल. त्यात खोट्या सहीचं लफडं कशाला?”

“तुम्हाला माझी एवढी काळजी?”

“का नसावी?”

 काकांच्या मनात वेगळंच चाललं होतं: ज्याने आपली चुगली केली तोच आता शहाणपण शिकवतोय. मी सही केली नाही की ऑफिसवाले माझ्यावर डूख धरणार, आणि दुसऱ्या कोणाची तरी बस लागणार. याचा कोणी नातेवाईक बसवाला तर नाही?

त्या रात्रीच्या जेवणाला घरात पंचायत बसली.

“सही केली तर शुक्रवारी पैसे, सोमवारी हप्ता, बस आपली,” काकांनी मांडलं. “नाही केली तर बस जाते.”

“आणि केली आणि पकडलं तर?” मेहुणा म्हणाला. “हिशेबनीस म्हणणार, बसवाल्याने बिल दिलं, आम्ही भरलं. सही कोणाची? दाजींची.”

“तो गोलकीपर पण हेच म्हणाला. म्हणूनच मला संशय येतोय.”

“त्याचं राहू द्या बाजूला,” बायको म्हणाली. “मला एवढंच सांगा, सात महिन्यांत त्या माणसाने तुम्हाला पाणी तरी विचारलं होतं?”

“नाही.”

“आणि परवा क्रीमची बिस्किटं?”

“क्रीमची.”

“मग?” एवढंच म्हणून ती ताटं उचलायला लागली.

शुक्रवारी काका ऑफिसात गेले. कोरी बिलं टेबलावर मांडलेली होती, पेन टोपण काढून ठेवलेलं. शेजारी एक जाड पाकीट. काकांनी पाकिटाला हात लावला नाही. त्यांनी सवयीने टेबल ठोकलं. दोनदा. आवाज पोकळ आला.

“साहेब, माझी बस पहिल्या संघाला गेली. मी तसंच लिहिलंय. त्या बिलांचे पैसे द्यायचे तर द्या.”

“काका, विचार करा. त्या हायवेच्या प्रकरणाचं मी मग...”

“सांगा. सगळ्यांना सांगा. निदान त्याला कोणीतरी शोधायला गेलं होतं, एवढं तरी लोकांना कळेल.”

हे वाक्य ते घरून ठरवून गेले नव्हते. तोंडातून निघून गेलं.

कंत्राट गेलं. थकबाकी ऑफिसात अडकली. पुढच्या सामन्याला कोणा दुसऱ्याची पिवळी बस आली. तिचा मालक पाहुण्याचा नातेवाईक निघाला नाही, हिशेबनीसांचा साडू निघाला. हे कळलं तरी काकांचा पाहुण्यावरचा राग उतरला नाही. संशय एकदा घरात राहायला आला की भाड्याची पावती मागत नाही.

महिनाअखेरीपर्यंत हप्ता उभा करायचा होता. मेहुण्यानेच वाट दाखवली. “दाजी, तुमच्या त्या राजेशाही खुर्च्या विका. लग्नाच्या बसवाले डोळे झाकून घेतात. आणि विणकामाच्या गिरणीला सकाळच्या पाळीसाठी बस हवी आहे, आठवड्याला रोख देतात. त्यांना साधी बाकं चालतात.”

दोघांनी मिळून खुर्च्या उपटल्या. कप्तानाची, मालिशवाल्याची, बचावपटूंची. एकेक खुर्ची सुटताना नटबोल्ट असे करकरत होते की बायको घरातून बाहेर आली आणि तेलाची बाटली ठेवून परत आत गेली. निळ्या रंगावर करडा चढला. खुर्च्यांच्या पैशांत हप्ता भरला, आणि फायनान्स कंपनीच्या माणसाने या वेळी चप्पल काढली. बस वाचली.

खुर्च्या काढायच्या त्याच आठवड्यात पाहुणा पुन्हा विकला गेला. कुठल्याशा लांबच्या क्लबाला, पंधरा कोटींना, आणि तिकडून पंधरा कोटींचाच कोणीतरी इकडे आला. जाण्याआधी पाहुणा काकांच्या दारात आला होता. काका आत होते. बायकोने हाक मारली, तर त्यांनी ‘झोपलोय म्हणून सांग’ असं इतक्या मोठ्याने सांगितलं की ते दारापर्यंत ऐकू गेलं. पाहुणा म्हणाला, “झोपू द्या त्यांना,” आणि गेला.

पुढचं पेपरात आलं. मंडळाची माणसं आली, गादी कंपनीत त्यांना एकही गादी दिसली नाही, बारा आणि पंधरा कोटींचे गोलकीपर त्यांच्या पचनी पडले नाहीत. क्लबाचे गुण कापले, संघ खालच्या लीगमध्ये घसरला, आणि गुण कापायच्या भीतीने लपवलेलं कर्ज एकदम अंगावर आलं. शेवटी कोर्टाने नेमलेला एक अधिकारी क्लबाच्या खुर्चीत बसला. खेळाडूंचे पगार आधी दिले गेले. काकांना कळवण्यात आलं की त्यांच्या थकबाकीवर शंभराला सात या दराने काही मिळण्याची शक्यता आहे. लॉन्ड्रीवाला खोट्या बिलांपायी जबानीला खेटे घालत होता. एकदा रस्त्यात भेटला तर म्हणाला, “काका, तुम्हाला कोणी शहाणं केलं?” काका म्हणाले, “बिस्किटांनी.”

खरं उत्तर त्यांना तेव्हा माहीत नव्हतं.

ते कळलं पावसाळा संपता संपता. गिरणीच्या सकाळच्या पाळीला एक नवा माणूस रेल्वेच्या फाटकाशी बसची वाट बघत उभा होता. डबा काखेत, चष्मा वाफाळलेला. हिशेबनीस! क्लबाने त्यांचेही पाच महिने बुडवले होते, आणि ते गिरणीच्या ऑफिसात लागले होते. बसमध्ये बाकं भरलेली. पुढची छोटी सीट तेवढी रिकामी होती. हत्यारांची पेटी काकांनी केव्हाच मागे ठेवली होती. हिशेबनीस तिथे बसले, गुडघे डॅशबोर्डला न लागता.

दोन चौक गेले. मग काकांना राहवेना.

“साहेब, आता खरं सांगा. त्या गोलकीपरने तुम्हाला कधी सांगितलं, मी त्याला विसरलो ते?”

“कोणी? त्या उंच पोराने?” हिशेबनीसांनी चष्मा पुसला. “तो तर ऑफिसात एकदाच आला होता, सही करायला. मला तुम्हीच सांगितलंत.”

“मी?”

“तुमच्या बिलात. सामन्याच्या दिवशी टोल चार वेळा, दोनदा जाऊन-येऊन, आणि डिझेल दुप्पट. मी टोलनाक्याच्या पावत्यांच्या वेळा पाहिल्या, मग संघ नेहमी थांबतो त्या टपरीवाल्याला फोन लावला. इतकं चोख बिल देणारा माणूस मी जन्मात पाहिला नाही, काका. स्वतःच्या चुकीचं डिझेलसुद्धा लावलंत!”

ते मनापासून हसले. मागच्या बाकांवरच्या बायकांनाही कळेना की काय झालं, पण त्याही हसल्या. काकांनी बस बाजूला घेतली, उतरले, आणि सळई घेऊन एकेक टायर ठोकत बसले. टायर ठीक होते. सगळं ठीक होतं.

त्या संध्याकाळी त्यांनी पाहुण्याचा नंबर लावला. नंबर बंद. मेहुण्याकरवी लांबच्या त्या क्लबात विचारलं, तर तो तिथूनही गेला होता. कुठे, ते तिथल्या कोणालाच नक्की सांगता येईना. कोणी विचारलंच नव्हतं म्हणे.

काकांनी दोन चहांचे आणि एका ऑम्लेटचे पैसे, सुटे, डॅशबोर्डच्या खणात वेगळे ठेवले. एकदा मेहुणा पुढे बसला होता. पार्किंगवाल्याला द्यायला त्याने खणात हात घातला.

“त्याला हात लावू नकोस.”

“का? कोणाचे आहेत?”

काकांनी सांगितलं. मेहुण्याने हात काढून घेतला. पण तोंड आवरणं त्याला जमत नसे.

“मग सोपं आहे, दाजी. पाच वर्षांत वाटून लिहा. यंदा एका चहाचा अर्धा कप.”

काका हसले नाहीत. खण बंद केला, तो नीट लागला का म्हणून बोटाने ठोकून पाहिला, आणि मोठी नोट काढून पार्किंगवाल्यापुढे धरली. त्याच्याकडे सुटे नव्हते.